घड्याळवाल्यांचं करडं मांजर

४ मार्च, सोमवार

आज पुन्हा. गाजरांच्या वाफ्यात, बरोबर मधोमध. वर माती लोटून झाकलेलं, म्हणजे मला कळणार नाही असा समज. आठ दिवसांत ही तिसरी खेप.

एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली मी. ट्रेमध्ये एक केस दिसला तर आख्खा ट्रे परत उकळायला पाठवायचे, मग सर्जन कितीही आदळआपट करोत. आणि आता निवृत्त झाल्यावर माझ्याच परसात, मी चाळणीने चाळून घातलेल्या मातीत, दुसऱ्याच्या मांजरांचा संडास.

वाफे मी हौसेने केलेले नाहीत. रविवारी लेक येणार आहे. पाचवा महिना सरत आला तिचा. आधीची दोन राहिली नाहीत. जावई जहाजावर, तो सप्टेंबरशिवाय येत नाही. ती म्हणत होती, मी इथेच राहते, मला सवय आहे. मी म्हटलं, मुळीच नाही. बाजारच्या भाजीवर काय काय मारलेलं असतं कोण जाणे, म्हणून हा पालक, ही गाजरं. आणि गर्भार बाईने मांजराच्या घाणीपासून लांब राहायचं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा सांगेल. त्या घाणीतला जंतू मातीतून पोटात गेला की थेट बाळावर घाला घालतो. डोळे, मेंदू, सगळं.

मांजरं शेजारच्या घड्याळवाल्याची. चार आहेत. मधली भिंत कमरेइतकी, ती त्यांना उंबऱ्यासारखी.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "माती आहे, मांजर येणारच." आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली ह्यांनी. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आणि शेजारी गप्प बसायचं, हीच सवय घरातही.

६ मार्च, बुधवार

गेले होते त्याच्याकडे. भांडायला नाही, सांगायला. पण परत आले ती भांडूनच.

पुढच्याच खोलीत काम करतो. भिंतीवर तीसएक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. डोळ्याला ते भिंग, टेबलावर वाटीत इवलेसे स्क्रू, आणि वाटीशेजारी चक्क एक करडं मांजर, शेपूट टेबलाखाली सोडून झोपलेलं. शेपटीचं टोक इकडून तिकडे, इकडून तिकडे.

"ही लंबक," तो म्हणाला. "आणि तो तांबडा तो गजर. पहाटे ओरडतो म्हणून. बाकी दोघी मिनिट आणि सेकंद."

मी म्हटलं, मला बारसं नको, बंदोबस्त हवा.

त्याने भिंग काढलं. म्हणाला, "खरंय, सिस्टर. तुमच्या वाफ्यांची नासधूस होते, मला वाईट वाटतं. पण मांजरांना कुंपण कळत नाही हो."

"तुम्हाला कळतं ना?"

"मी रोज सकाळी येऊन साफ करून देतो. तुम्ही हातसुद्धा लावू नका."

म्हणजे आता मांजरं आणि वर हाही माझ्या परसात. नको म्हटलं. चहा विचारला त्याने. तोही नको म्हटलं. मुलगी येतेय, पोटुशी आहे, हे सांगितलं तर म्हणाला, "अरे वा." अरे वा काय. मी धोका सांगतेय आणि हा अभिनंदन करतोय.

९ मार्च, शनिवार

उपाय केले ते असे. वाफ्यांवर संत्र्याच्या साली पसरल्या. कडेने कॉफीचा चोथा. भिंतीवर मिरपूड. मातीत काड्या टोचल्या, टोकं वर करून. झाडांना मारायचा पाण्याचा पंप भरून दाराशी ठेवला.

दुपारी पाहते तर तांबडा बोका संत्र्याच्या सालींवर पाय ताणून ऊन खात होता. पंप मारला. माझाच नेम चुकला आणि दोरीवरच्या चादरी पुन्हा भिजल्या. हे व्हरांड्यात शब्दकोडं सोडवत होते. हसले नाहीत, पण पेपर जरा जास्तच वर धरला.

१० मार्च, रविवार

आली. बारीक झालीय तोंडाने. मी स्वयंपाकघराच्या दारावर कागद लावून ठेवला होता: किती वाजता दूध, किती वाजता गोळी, कुठल्या कुशीवर झोपायचं, मागच्या दाराने बाहेर जायचं नाही, भिंतीजवळ तर नाहीच. तिने उभ्याउभ्या सगळा वाचला. म्हणाली, "भेटायची वेळ लिहायची राहिली, आई." आणि हसली. बापावर गेलीय, काहीतरी बोलून हसायचं.

मांजरांचं सगळं समजावून सांगितलं. तिच्याकडच्या डॉक्टरने त्या जंतूसाठी तिचं रक्त तपासलं होतं, त्याच्या रिपोर्टचं ती काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, ते नंतर, प्रवासातून आलीस, आधी हात धू.

१४ मार्च, गुरुवार

संताप संताप झाला आज. बँकेतून आले तर ही मागच्या पायरीवर, आणि मांडीवर ते करडं मांजर. मांडीवर म्हणजे पोटाला चिकटून. आणि हिचा हात त्याच्या पाठीवर.

मी ओरडले. मांजर हललंसुद्धा नाही, इतकं निर्ढावलेलं. लेकच दचकली.

"आई, ती नुसती येऊन बसली गं."

"नुसती? दोनदा भोगून झालंय तुझं. तिसऱ्यांदा मांजरासाठी भोगायचंय?"

हे बोलायला नको होतं, मान्य. पण खरं आहे ते आहे. ती उठली, मांजराला हळूच खाली ठेवलं, आत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, मी शिकवल्यासारखे. मग म्हणाली, "मी पेशंट नाहीये, आई." आणि खोलीचं दार लावून घेतलं. जेवायला आली पण बोलली नाही.

हे म्हणाले, "जरा सैल सोड तिला."

सैल सोडून कसं चालेल? पहिल्या खेपेला मी लांब होते. दुसऱ्या खेपेला माझी ड्यूटी होती, फोन आला तेव्हा मी हातमोजे घालून दुसऱ्याच कुणाच्या पोटाशी उभी होते. आता मी घरी आहे. आता माझ्या डोळ्यांदेखत काही होणार नाही.

१८ मार्च, सोमवार

वॉर्ड ऑफिसात गेले. खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, मांजर भटकं की पाळीव? पाळीव. मग ते आमच्याकडे येत नाही, तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं, समजा भटकं आहे. तो म्हणाला, मग अर्ज द्या, पकडणारी गाडी सध्या नादुरुस्त आहे. मी म्हटलं, म्हणजे दोन्हीकडून मीच बघायचं. तो म्हणाला, "बरोबर," आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घड्याळवाल्याने भिंतीवर जाळी ठोकायला घेतलीय. तीन दिवस ठोकाठोक. एवढ्या बारीक स्क्रूंशी खेळणारा माणूस, पण हातोडी अशी धरतो जशी पहिल्यांदाच पाहिलीय. सगळं दाखवण्यापुरतं. मांजरं जाळीवरून चढतात, वर बसून माझ्याकडे पाहतात, मग उतरतात.

२१ मार्च, गुरुवार

एक गोष्ट मात्र चांगली. लेक आता रोज चारला फिरायला जाते आणि साडेपाचला येते. पहिल्यांदा मी सोबत निघाले तर म्हणाली, एकटीने जरा बरं वाटतं. बरं, तर बरं. चेहऱ्यावर तेज आलंय. भूक लागते. काल तर काम करताना गुणगुणत होती. चालण्याने रक्त फिरतं हे मी किती वर्षं सांगतेय, आणि वर माझा पालक. तिच्या बाहीवर दोन करडे केस दिसले, ते मी चिकटपट्टीने काढले. या गल्लीत आता हवेतही मांजर आहे.

२४ मार्च, रविवार

आता मात्र हद्द झाली.

बाळाची दुपटी शिवून ठेवलीत मी, जुन्या मऊ चादरींची. बारा. दोनदा उकळली, कडक उन्हात वाळवली, दोन्ही बाजूंनी इस्त्री केली, स्वच्छ कापडात बांधून मागच्या खोलीतल्या पलंगावर ठेवली. जेवायला बसलो तेवढ्यात खिडकी उघडी राहिली. परत जाते तर गठ्ठ्यावर ते करडं मांजर, गोल होऊन. कापड सुटलेलं. सगळ्या दुपट्यांवर केस.

मी टाळ्या वाजवल्या, ओरडले, पलंगाला लाथ मारली. लाथ मारल्यावर त्याने डोळे उघडले. जांभई दिली.

घड्याळवाला धावत आला, माफी मागत. माझं ऐकून घेतलं सगळं, आणि त्याला उचलून खांद्यावर टाकून घेऊन गेला, जणू त्याचंच मूल इथे खेळायला आलं होतं. लेक दारात उभी. ती माझ्याकडे बघत नव्हती, खांद्यावरच्या मांजराकडे बघत होती.

बाराच्या बारा पुन्हा उकळायला टाकली.

२५ मार्च, सोमवार

जे करायचं ते केलं.

सकाळी हे शिकवणीला गेलेले, लेक अंघोळीला. करडं पायरीवर आलंच. धुण्याच्या झाकणाच्या टोपलीत जुना टॉवेल घातला, त्याला उचलून आत ठेवलं. ओरबाडेल म्हणून हातात जाड मोजे होते. नखसुद्धा काढलं नाही. झाकण बांधलं, भाजीला जाते म्हणून सांगितलं आणि बस धरली. शेवटच्या थांब्यापर्यंत. बसमध्ये एकदाही ओरडलं नाही. कंडक्टर म्हणाला, "काय ताई, एवढं जड?" मी म्हटलं, लेकीकडे चाललेय.

शेवटचा थांबा मासळीबाजाराचा. मी मुद्दाम तोच निवडला, मी काही राक्षसीण नाही. तिथे मासळीची डोकी, शेपट्या, हवं तेवढं. घरापेक्षा मजेत राहील. बर्फाच्या कारखान्यामागे टोपली उघडली. पळून जाईल वाटलं होतं. नाही गेलं. बाहेर येऊन बसलं, शेपूट पायांभोवती घेऊन, माझ्याकडे पाहत. मीच वळले.

घरी येऊन हात धुतले, थिएटरमध्ये धुवायचो तसे, बोटं वर करून, पाच मिनिटं मोजून.

२६ मार्च, मंगळवार

रात्री शांत झोप लागली. वाफे स्वच्छ.

घड्याळवाला सकाळपासून गल्लीत फिरतोय. हाका मारत नाही. काठीने जमिनीवर ठोकतो, थांबतो, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा ठोकतो. वेड लागलंय. संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावरूनही ठोकण्याचा आवाज येत होता. ठोक म्हणावं. महिनाभर माझं डोकं उठवलं, आता दोन दिवस त्याची पाळी.

२७ मार्च, बुधवार

लेकीने सकाळचं दूध तसंच ठेवलं. म्हणाली, "आई, लंबक परवापासून नाहीये. तू पाहिलीस का?"

"नाही."

एवढंच म्हटलं. भांडी घासत होते, पाठ तिच्याकडे होती.

"चौदा वर्षांची आहे ती. तिला ऐकू येत नाही गं. अजिबात. म्हणून काका काठी ठोकतात. जमीन हादरली की तिला कळतं, मग ती येते."

काका. मी वळले. मग सगळं निघालं. फिरणं वगैरे काही नव्हतं. चारला ती त्याच्याकडे जायची. तिथे खुर्चीत बसायची, मांजर मांडीवर, तो घड्याळं उघडून काम करायचा. दीड तास कुणी काही बोलायचं नाही.

मी म्हटलं, तुला धोका माहीत होता, तरी?

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "धोका नाहीये मला. तो संसर्ग मला लहानपणीच कधीतरी होऊन गेलाय. रिपोर्टमध्ये लिहिलंय. आल्याच दिवशी सांगत होते. तू म्हणालीस, आधी हात धू."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?"

"तू घाबरलेली होतीस, आई. मांजरं नसती तर दुसरं काहीतरी शोधलं असतंस. आणि तिथे मला कुणी विचारत नव्हतं, बाळ हललं का, किती वेळा हललं. इथे तू सकाळी उठल्यापासून विचारतेस. नाही हललं की मला तुझा चेहरा बघावा लागतो."

मी घाबरलेली. एकतीस वर्षांत कुठल्या टेबलापाशी माझा हात थरथरला नाही. भांडी पुन्हा एकदा घासली. घासलेलीच होती.

तो रिपोर्ट वाचला मी. बरोबर आहे तिचं.

२९ मार्च, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही.

काल दुपारी ती निघाली. मी दारात आडवी उभी राहिले. ती म्हणाली, "काका एकटे फिरताहेत, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे," आणि बाजूने गेली. मी तेव्हा एक वाक्य बोलले असते तर ती थांबली असती. वाक्य तयार होतं. बोलले नाही.

ओढ्याच्या काठाने शोधत होते दोघं. शेवाळावरून तिचा पाय घसरला. पडली, कुशीवर. घड्याळवाल्यानेच रिक्षा थांबवून तिला हॉस्पिटलात नेलं आणि मग आम्हाला फोन केला.

रक्त जात होतं. मी तिथल्या बायकांना सांगायला लागले हे करा, ते करा, तर एका पोरसवदा नर्सने माझ्या दंडाला धरून मला बाहेर बसवलं. "मावशी, तुम्ही इथे बसा." मावशी. मी पण असंच बसवायचे लोकांना, दंडाला धरून.

दोन तासांनी कळलं, रक्त थांबलंय, बाळाचे ठोके नीट आहेत. आता शेवटपर्यंत अंथरुणावर.

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. उठून माझ्यापुढे उभा राहिला. हात जोडले. म्हणाला, "चूक माझी, सिस्टर. तिला मी बरोबर येऊ द्यायला नको होतं. एका मांजरापायी. मला माफ करा."

आणि मी त्याला माफी मागू दिली. वर म्हटलं, "तुम्हाला अक्कल हवी होती."

हे लिहिताना कागद फाटला इथे. राहू दे.

३१ मार्च, रविवार

सकाळच्या पहिल्या बसने मासळीबाजार. बर्फाच्या कारखान्यामागे, टपऱ्यांमागे, टोपल्यांच्या राशीमागे. मांजरं पन्नास. करडीसुद्धा सहा-सात. एकही ती नव्हे.

मग मी पाय आपटले. काठी नेली नव्हती. चांगल्या बुटांनी ओल्या फरशीवर, धप, धप, थांबायचं, पुन्हा धप. दोन पोरी हसायला लागल्या. एका बाईने विचारलं, पायाला मुंग्या आल्या का. मी हो म्हटलं. अकरापर्यंत आपटत होते.

२ एप्रिल, मंगळवार

ह्यांना सांगितलं. वाटलं होतं, आयुष्यात एकदा तरी ओरडतील.

हे म्हणाले, "माहीत होतं मला. टोपलीत केस होते. मी झटकून ठेवली, लेकीला दिसू नये म्हणून."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

तीन दिवस. लेक पडली त्याच्या आधी पुरते तीन दिवस ह्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू स्वतःच बोलशील."

इतकी चिडले मी की हातातला पेला सिंकमध्ये आपटला. "शिकवणीच्या गाडीत तुमच्या पायाखाली ब्रेक असतो ना? तो कशासाठी असतो?"

हे काचा वेचायला वाकले. म्हणाले, "हो. चुकलंच."

ह्यांच्यावर ओरडून बरं वाटेल असं वाटलं होतं. पंधरा मिनिटं वाटलं.

५ एप्रिल, शुक्रवार

आज त्यांच्याकडे गेले. घड्याळवाल्यांकडे. उभ्यानेच सांगितलं, काही न गाळता. वार, बसचा नंबर, टोपली, बर्फाचा कारखाना. हॉस्पिटलातल्या बाकापर्यंत सगळं.

त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं नाही. हातात एका घड्याळाचं यंत्र होतं, ते टेबलावर ठेवायला त्यांना जागा सापडेना. मग म्हणाले, "तोंड कुठल्या बाजूला होतं तिचं? तुम्ही निघालात तेव्हा?"

"माझ्याकडे."

"रस्त्याकडे पाठ?"

"हो."

बूट घालायला लागले. नाड्या बांधता येईनात, मी वाकले तर पाय मागे घेतला. एकाच बसमध्ये गेलो, वेगवेगळ्या सीटवर. बाजारात त्यांनी काठी ठोकायला सुरुवात केली आणि एक कोळंबी सोलणारी बाई उठून आली. म्हणाली, "करडं शोधताय का? म्हातारं, शांत?"

दुसऱ्याच दिवशी गेली होती ती. बर्फाचा ट्रक मागे येत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला, बायका ओरडल्या. ती बसून राहिली, चाटत होती पंजा. या बाईनेच गोणपाटात गुंडाळून कारखान्याच्या भिंतीशी पुरलं. जागा दाखवली. वर एक फुटकी टोपली पालथी घातलेली.

ते तिथे बराच वेळ उभे होते. मी दहा पावलं मागे. परतताना स्टॉपवर म्हणाले, "तिला खिडकीत बसून ट्रक बघायला आवडायचं. आवाज येत नाही ना, तर मजा वाटायची."

पुढे म्हणाले, "तुमच्या मुलीला मूल होईपर्यंत मी काही सांगणार नाही. तिने विचारलं तर शोधतोय म्हणेन. त्यानंतर तुम्ही सांगायचं. मी नाही."

"मला काही बोला," मी म्हटलं. "शिव्या द्या हवं तर."

"काय उपयोग," ते म्हणाले आणि बस आली.

शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या. ते मला येतं.

१७ मे, शुक्रवार

लेक अंथरुणावर. खिडकी उघडी ठेवायला सांगते. ते रोज चारला खिडकीबाहेर येऊन उभे राहतात, पाच मिनिटं. ती विचारते, "काही कळलं, काका?" ते म्हणतात, "शोधतोय." माझ्याकडे न बघता. मी तिथेच तिच्या पायांना तेल लावत असते. रोज चारला मला वाटतं, उठून ओरडावं. कुणावर, ते ठरत नाही.

दारावरचा कागद काढला. बाळ हललं का हे विचारायचं बंद केलंय. दातांनी जीभ धरावी लागते.

बाकीची तिघं येतात वाफ्यात. सकाळी हातमोजे घालून मी काढते. संत्र्याच्या साली, पंप, सगळं टाकून दिलं.

१६ जुलै, मंगळवार

मुलगी. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. तीन किलोला जरा कमी. रडली ती अशी की कॉरिडॉरमध्ये ऐकू आलं. मी आत नव्हते, हे लेकीने ठरवलं होतं. ह्यांनी माझा हात धरला होता आणि ह्यांचा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता.

२८ जुलै, रविवार

आज सांगितलं. बाळ माझ्या हातात होतं, आंघोळ घालून पुसून झालेलं. खरं तर आधी तिच्याकडे देऊन मग बोलायचं ठरवलं होतं. पण तिनेच विचारलं, "लंबक आता सापडणार नाही ना गं?"

सगळं सांगितलं. ट्रकपर्यंत.

ती रडली नाही. विचारलं, "मी पडले त्या दिवशी तुला माहीत होतं?"

"ती मेलीय हे नव्हतं माहीत. सोडलं होतं हे माहीत होतं."

"मी निघाले तेव्हा तू दारात होतीस."

"होते."

तिने दोन्ही हात पुढे केले. मला क्षणभर वाटलं माझ्यासाठी. तिने बाळ घेतलं, टॉवेलसकट, आणि मानेखाली हात नीट ठेवला. माझ्याहून नीट.

उद्या तिच्या घरी जाते म्हणाली. मी म्हटलं, एकटी कशी करशील. ती म्हणाली, "करेन." हे सोडायला जाणार आहेत.

९ ऑगस्ट, शुक्रवार

घरात आवाज नाही. बारा दुपटी तिने नेली, एवढं बरं. फोन ह्यांना येतो. हे माझ्यासमोर बोलतात, मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून. त्याचाही राग येतो.

संध्याकाळी दार वाजलं. घड्याळवाले. काखेत तांबडा बोका, टॉवेलमध्ये बांधलेला. म्हणाले, "तुमच्याशी बोलायचं नाहीये मला. पण गजरच्या कानात काहीतरी झालंय, डोकं आपटतो सारखा. डॉक्टरांचा दवाखाना बंद आहे. बघता का?"

स्वयंपाकघराच्या टेबलावर चादर घातली, दिवा खाली ओढला. ते डोकं धरून उभे, मी चिमटा घेतला. आत गवताचं कुसळ रुतलं होतं, भोवती पू. काढलं, मिठाच्या कोमट पाण्याने साफ केलं. एवढ्यात त्याने माझ्या मनगटावर चार लांब ओरखडे काढले. मी हात मागे घेतला नाही.

"उद्या डॉक्टरांना दाखवा," मी म्हटलं. "हे तात्पुरतं आहे."

त्यांनी मान हलवली. आभार मानले नाहीत. निघताना माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "धुवून घ्या ते." आणि गेले.

२० ऑगस्ट, मंगळवार

सकाळी फोन वाजला. हे अंघोळीला, म्हणून मी घेतला. लेक होती. मला वाटलं बाबांना दे म्हणेल.

"आई, ही सकाळपासून शिंकतेय. पाच-सहा वेळा झालं."

"अंग गरम आहे?"

"नाही."

"दूध पितेय?"

"पितेय. नीट पितेय."

जिभेवर सगळं रांगेत उभं होतं. खिडक्या लाव, पंखा बंद कर, टोपडं घाल, धूळ कुठून येतेय बघ, मी येते, पुढच्या गाडीने येते, काही हात लावू नकोस. मी ओट्याची कड धरली.

"मग शिंकू दे," मी म्हटलं. "लहान बाळं नाक मोकळं करतात तसं."

फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे एक बारीकशी शिंक.

"ही बघ, परत," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.